जुन्या कार्टूनच्या कॅसेट, व्हीसीडी, डीव्हीडी जमवायच्यात? मग सुरुवात अशी करा

गेल्या महिन्यात चुलतभावाचा फोन आला, माळा साफ करताना एक खोकं सापडलंय म्हणाला, त्यात दोन व्हीएचएस कॅसेट, दहा-बारा व्हीसीडी आणि जंगल बुकची एक डीव्हीडी, "दादा, भंगारवाल्याला देऊ का?" मी म्हटलं हात लावू नको, मी निघालोच सांगलीच्या विश्रामबागेतनं. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत बसलो आम्ही, आणि आता तो स्वतःच जमवायला लागलाय. त्याला जे जे सांगितलं तेच इथं लिहून काढतोय, कारण नवीन माणूस पहिल्या दोन महिन्यात त्याच त्याच चुका करतो, पैसे घालवतो आणि मग नाद सोडून देतो.

आधी आवाज ठरवा, मग पैसे काढा

हे सगळ्यात महत्त्वाचं आहे म्हणून पहिलं. तुम्हाला कार्टून हवंय म्हणजे नक्की काय हवंय? आपल्या वयाच्या लोकांना, म्हणजे ज्यांनी रविवारी सकाळी दूरदर्शनसमोर मांडी घालून बघितलंय त्यांना, चित्रापेक्षा जास्त तो हिंदी आवाज आठवतो. मोगलीचंच घ्या. ती मालिका मुळात जपानी, निप्पॉन ॲनिमेशनची, १९८९ मध्ये तिकडं सुरू झाली, ५२ भाग. आपल्याकडं १९९३ ला हिंदीत आली. टायटल साँग इथं बनलं, गुलजारांचे शब्द आणि विशाल भारद्वाजांचं संगीत. शेरखानला आवाज नाना पाटेकरांचा. म्हणजे तुम्ही उद्या कुठून तरी जपानी सेट मागवला तर चित्र एकदम काचेसारखं मिळेल पण ते गाणं नाही, नानांचा शेरखान नाही. मग तुमची मोगली ती नव्हेच की.

डकटेल्सचं पण तसंच. अमेरिकेत डिस्नेनं त्याचे डीव्हीडी सेट २००५ पासून काढले, २००७ पर्यंत तीन आले, त्यात १०० पैकी ७५ भाग, आणि उरलेल्या भागांचा चौथा सेट यायला २०१८ उजाडलं. तिकडचे लोक अकरा वर्षं थांबले! पण ते सेट मागवून आपल्याला ते रविवारचे हिंदी आवाज मिळत नाहीत. माझ्या एका मित्रानं बाहेरून सेट मागवला, शिपिंग आणि कस्टम धरून चांगलेच पैसे गेले, डिस्क लावली आणि पाच मिनिटात त्याचा चेहरा पडला. त्यामुळं विकत घेण्याआधी मागच्या कव्हरवर भाषा कुठल्या लिहिल्यात ते वाचायचं. 'हिंदी' असं स्पष्ट लिहिलेलं नसेल तर नाही असंच धरा.

ज्यांना टॉम अँड जेरी हवंय त्यांना ही कटकट कमी, तिथं बोलणंच कमी आहे. तिथली भानगड वेगळी, ती खाली सांगतो.

आणि एक फसगत नावाची. 'जंगल बुक' एवढंच लिहिलेल्या कमीत कमी तीन वेगळ्या गोष्टी बाजारात फिरतात. एक डिस्नेची १९६७ ची फिल्म, ती सव्वा तासाची. दुसरी आपली मोगलीची मालिका. तिसरी म्हणजे त्याच गोष्टीवर दुसऱ्याच कंपन्यांनी काढलेल्या स्वस्तातल्या पाऊण-एक तासाच्या फिल्म, कव्हर असं की लांबून बघितलं तर तेच वाटावं. भाग किती, मिनिटं किती, कंपनी कुठली, एवढं बघितलं की लगेच कळतं. चुलतभावाच्या खोक्यातली ती डीव्हीडी तिसऱ्या प्रकारातली निघाली.

हातात आलेली वस्तू ओळखायला शिका

व्हीएचएस तर सगळ्यांना माहीत आहे, काळी कॅसेट. व्हीसीडी आणि डीव्हीडी दिसायला सारख्या पण आत लई फरक. व्हीसीडीचं स्टँडर्ड १९९३ चं, आपल्याकडच्या पाल पद्धतीत (टीव्हीचं चित्र दाखवायची पद्धत) चित्र ३५२ बाय २८८ ठिपक्यांएवढंच, एका डिस्कवर साधारण ७४ ते ८० मिनिटं, म्हणून पिक्चर दोन-तीन डिस्कचा असायचा. डीव्हीडीचं चित्र ७२० बाय ५७६, म्हणजे चौपट. तेव्हा एकच कार्टून दोन्हीत मिळत असेल आणि भाषा तीच असेल तर डोळे झाकून डीव्हीडी घ्या. पण हिंदी आवाज फक्त व्हीसीडीवर असेल तर व्हीसीडी सोडू नका, चित्र फुटकं दिसू दे.

ब्लू-रे म्हणजे डीव्हीडीच्या पुढची डिस्क, तिच्याबद्दल थोडक्यात सांगतो, जुन्या कार्टूनचे ब्लू-रे चांगले असतात पण हिंदीत क्वचित, आणि प्लेअर वेगळा लागतो. सुरुवातीला नकोच.

पायरेटेड कशी ओळखायची? डिस्क उलटी करा. कंपनीत छापलेली डिस्क खालून चांदीसारखी असते (काही डीव्हीडी सोनेरी झाक मारतात, त्या दोन लेयरच्या, ८.५ जीबीवाल्या, त्या ओरिजिनलच). खालची बाजू जांभळट, निळसर किंवा हिरवट दिसली तर ती कुणीतरी घरी किंवा दुकानात बर्न केलेली. त्यातला रंगाचा थर काही वर्षात खराब होतो. मधल्या भोकाजवळच्या पारदर्शक रिंगवर बारीक अक्षरात 'आयएफपीआय' (रेकॉर्ड कंपन्यांची आंतरराष्ट्रीय संघटना) आणि पुढं कोड दिसला तर ते चांगलं लक्षण. वर चिकटवलेला कागदी स्टिकर असेल तर सरळ परत द्या.

पण एक सांगू का, घरी रेकॉर्ड केलेल्या व्हीएचएसला हा नियम लावू नका. कुणाच्या तरी बाबांनी १९९४ ला रविवारी व्हीसीआर लावून दूरदर्शनवरनं रेकॉर्ड केलेली कॅसेट दुकानातल्या कॅसेटपेक्षा भारी, कारण त्या वेळचा तो आवाज, मधल्या जाहिराती, निवेदिका, सगळं त्यात आहे आणि ते दुसरीकडं कुठं मिळायचं नाही. लेबलवर 'लग्न' लिहिलेलं असलं तरी शेवटपर्यंत बघा, लग्न संपल्यावर उरलेल्या टेपवर लोक काहीही भरायचे. मला माझ्या आत्याच्या डोहाळजेवणानंतर टेलस्पिन कार्टूनचा अर्धा भाग सापडलाय.

कुठं शोधायचं

सांगली-मिरजेत आता सीडीचं दुकान म्हणून काही उरलं नाही. पण एकेकाळी गल्लोगल्ली सीडी भाड्यानं देणारे होते, दहा-पंधरा रुपये रोज, त्या लोकांनी लायब्ररी बंद केली म्हणून माल फेकला असं नाही. त्यातल्या कितीतरी जणांनी मोबाईल रिपेअरिंग नाहीतर झेरॉक्स टाकलं आणि जुनी पोती मागच्या खोलीत पडून आहेत. जाऊन प्रेमानं विचारायचं, "काका, जुन्या लहान मुलांच्या सीडी हायत का ओ शिल्लक?" पहिल्यांदा नाहीच म्हणतात. आठ दिवसांनी परत जायचं, चहा घ्यायचा. मला एका काकांनी तिसऱ्या खेपेला आख्खं पोतं उघडून दिलं होतं.

दुसरी जागा म्हणजे नातेवाईकांचे टीव्ही शोकेस. खालच्या कप्प्यात हमखास बालगीतांच्या, पंचतंत्राच्या, हनुमानाच्या व्हीसीडी असतातच. मराठी बालगीतांच्या ॲनिमेशन व्हीसीडी तर लोक कचरा समजतात, त्या आवर्जून घ्या, छोट्या छोट्या कंपन्यांनी काढलेल्या, परत कोण काढणार नाहीये त्या. तिसरं भंगारवाले, त्यांना नंबर देऊन ठेवा आणि किलोच्या भावापेक्षा चार पैसे जास्त द्या, मग तेच फोन करतात. पुण्याला जाणं झालं तर जुन्या बाजारात एक चक्कर.

ऑनलाईन घेताना फोटो चार मागायचे, पुढचं कव्हर, मागचं कव्हर, डिस्कची वरची बाजू, डिस्कची खालची बाजू उजेडात धरून. जो विक्रेता खालच्या बाजूचा फोटो द्यायला टाळाटाळ करतो त्याला रामराम.

भावाचं म्हणाल तर, २००६-०७ च्या सुमाराला मोझर बेअर कंपनीनं व्हीसीडी २८ रुपयाला आणि डीव्हीडी ३४ रुपयाला आणल्या आणि बाजारच बदलून टाकला. त्यामुळं त्या काळातला माल भरपूर छापलाय, त्याला कुणी हजार रुपये मागितले तर हसून पुढं जा. आणि 'डिस्नेच्या काळ्या डायमंडवाल्या (कव्हरच्या कडेवर काळा हिरा छापलेल्या) व्हीएचएस लाखात जातात' असं जे फिरत असतं ना, त्यात काही अर्थ नाही. त्या कॅसेट अमेरिकेत प्रचंड संख्येनं विकल्या गेल्यात, नुसती किंमत लिहून विकायला ठेवणं वेगळं आणि तेवढ्याला खरंच विकलं जाणं वेगळं.

डिस्क तपासायची कशी

लोक खालची बाजू बघतात आणि वरची विसरतात. व्हीसीडी म्हणजे शेवटी सीडीच, आणि सीडीत माहितीचा चकचकीत थर अगदी वरच्या छपाईच्या खाली असतो, मध्ये फक्त लॅकरचा पातळ पापुद्रा. त्यामुळं वरून खरवडली की संपली, खालची चरे पॉलिश करून जातात पण वरची जात नाहीत. बल्ब समोर धरून बघा, टाचणीच्या टोकाएवढे उजेडाचे ठिपके दिसले तर तेवढी जागा गेलेली आहे. डीव्हीडीत हाच थर दोन चकत्यांच्या मधोमध असतो म्हणून ती वरून जास्त टिकते. व्हीसीडीवर बॉलपेननं नाव लिहायचं नाही, कधीच नाही.

दुसरं, व्हीसीडीत चित्राच्या डेटाला चुका दुरुस्त करायची सोय साध्या डेटा सीडीपेक्षा कमी ठेवलेली असते, जास्त मिनिटं बसावीत म्हणून. म्हणून जरा चरा आला की चित्राचे चौकोन चौकोन होतात. पुसताना मऊ कापडानं भोकाकडून बाहेरच्या कडेकडं सरळ पुसायचं. गोल गोल फिरवून पुसलं तर जो चरा पडतो तो ट्रॅकच्या दिशेनंच पडतो आणि तो जास्त त्रास देतो.

प्लेअर, रीजन आणि टीव्हीचा आकार

डीव्हीडीला रीजन असतो, म्हणजे ती जगाच्या कुठल्या भागात चालेल त्याचा आकडा. भारत ५, अमेरिका १, युरोप आणि जपान २. मागच्या कव्हरवर पृथ्वीच्या गोळ्यात आकडा असतो, शून्य किंवा 'ऑल' असेल तर कुठंही चालते. आपल्याकडचे बरेच लोकल प्लेअर सगळे रीजन वाजवतात. लॅपटॉपच्या ड्राईव्हचं मात्र सांभाळा, तो रीजन बदलायची परवानगी पाचच वेळा देतो, पाचव्यांदा जो ठेवला तो कायमचा. माझा एक ड्राईव्ह असाच १ वर अडकलाय.

आता टीव्हीचा आकार, आणि ह्यावर मी कुणाशीही भांडायला तयार आहे. जुनी कार्टून ४:३ मध्ये काढलेली, चौकोनी टीव्हीची. नवीन एलईडीवर ती ताणून बघू नका! बगीरा जाडा दिसतो, बल्लू फुटबॉल दिसतो. रिमोटवर चित्राचा आकार बदलायची सोय असते, ४:३ करा, बाजूला काळ्या पट्ट्या येतात, येऊ देत. त्याहून वाईट म्हणजे काही नव्या आवृत्त्यांत पडदा भरावा म्हणून वरचं-खालचं चित्रच कापलेलं असतं, म्हणजे चित्रकारानं काढलेलं डोकं गायब. असली आवृत्ती आणि जुनी चौकोनी आवृत्ती असे दोन पर्याय असतील तर जुनी घ्या.

पण सगळंच चौकोनी नसतं बरं का. टॉम अँड जेरीची १९५४ पासूनची बरीच कार्टून सिनेमास्कोपमध्ये केलेली आहेत, ती रुंदच आहेत मुळात, आणि टीव्हीवर आपण त्यांच्या दोन्ही बाजू कापलेल्या बघत आलो. म्हणून ती डीव्हीडीवर रुंद दिसली तर बिघडलंय असं समजू नका, उलट पहिल्यांदाच पूर्ण बघताय.

टॉम अँड जेरी जमवणाऱ्यांनी अजून हे लक्षात ठेवा. हॅना आणि बार्बेरा यांनी १९४० ते १९५८ मध्ये ११४ कार्टून केली, मग जीन डाइच यांची १३, मग चक जोन्स यांची ३४. एकूण १६१. 'संपूर्ण संग्रह' लिहिलेलं दिसलं की आकडा मोजा. अमेरिकेतल्या स्पॉटलाइट कलेक्शन नावाच्या डीव्हीडी मालिकेत तिसऱ्या भागात, २००७ ला, दोन कार्टून मुद्दाम वगळली होती, वर्णभेदी विनोदामुळं, आणि नंतर गोल्डन कलेक्शन नावाच्या ब्लू-रे मालिकेचा दुसरा भाग जाहीर होऊनसुद्धा त्याच वादात बाहेरच आला नाही. मला स्वतःला वाटतं की आधी दोन ओळीची सूचना देऊन सगळं द्यावं, मोठ्या माणसांनी बघावं, पण लहान मुलांना लावायच्या डिस्कमध्ये काय आहे हे आई-बापांनी आधी बघितलेलं बरं.

आणखी एक बारीक गोष्ट. सिनेमाच्या फिल्मवर सेकंदाला २४ चित्रं, पालमध्ये २५. म्हणून काही पाल आवृत्त्या चार टक्के वेगानं पळतात, सात मिनिटांचं कार्टून सतरा सेकंद आधी संपतं आणि आवाज किंचित बारीक होतो. लहानपणीचा आवाज आणि डीव्हीडीचा आवाज जुळत नाही असं वाटलं तर तुमच्या कानात काही दोष नाही, हे कारण असू शकतं.

आणल्या दिवशीच कॉपी करा

डिस्क कपाटात ठेवून 'करू की निवांत' म्हणू नका. बाहेरून लावायचा यूएसबी डीव्हीडी ड्राईव्ह घ्या, आताच्या लॅपटॉपला नसतोच. डीव्हीडीसाठी मेकएमकेव्ही नावाचं सॉफ्टवेअर सोपं आहे, सगळ्या भाषांचे ऑडिओ ट्रॅक टिक करा, नाहीतर इंग्रजी तेवढं येतं आणि हिंदी राहतं, ज्याच्यासाठी डिस्क आणली तेच! मग हवं तर हँडब्रेक नावाच्या सॉफ्टवेअरनं छोटी फाईल करा, पण मूळ मोठी फाईल पुसू नका. शंभर डीव्हीडी अगदी दोन लेयरच्या धरल्या तरी ८५० जीबी होतात, एक टीबीच्या हार्ड डिस्कमध्ये बसतात.

व्हीसीडी अजून सोपी, एमपेगएव्ही नावाच्या फोल्डरमध्ये डॅट फाईल असते, ती कॉपी करा, व्हीएलसीमध्ये चालते. कॉपी मध्येच अडकली तर घाई करू नका, डिस्क धुवा, दुसऱ्या ड्राईव्हमध्ये घाला, कितीतरी वेळा जुना जाडजूड ड्राईव्ह वाचतो आणि नवा पातळ वाचत नाही. परदेशी व्हीसीडीत कधीकधी डाव्या स्पीकरला एक भाषा आणि उजव्याला दुसरी असते, दोन्ही एकदम ऐकून गोंधळ होतो, व्हीएलसीमध्ये ऑडिओत जाऊन एकच बाजू निवडा.

ही कॉपी आपल्या घरात बघायला. विकायची नाही, नेटवर चढवायची नाही, ज्यांनी काढलंय त्यांचा हक्क आहे.

व्हीएचएस म्हणजे वेगळा अध्याय

व्हीसीआर आता नवीन मिळत नाही, जपानच्या फुनाई कंपनीनं २०१६ ला बंद केले ते शेवटचे. जुनाच घ्यायचा, आणि घेताना दुकानात चालवून बघायचा. स्वतःची आवडती कॅसेट पहिल्यांदा घालू नका, कुठलीतरी नको असलेली घाला, टेप खाल्ली तर खाल्ली.

कॅसेटच्या काचेतनं टेपच्या गुंडाळ्यावर पांढरी भुकटी किंवा जाळी दिसते का बघा. ती बुरशी. आपल्याकडं पावसाळ्यात ओल असतेच, माळ्यावर तर जास्तच. बुरशीची कॅसेट मशीनमध्ये घालायची नाही, हेड (मशीनमधला टेप वाचणारा भाग) खराब होतो आणि तीच बुरशी पुढच्या कॅसेटला लागते. ती वेगळी पिशवीत बंद करून ठेवा आणि साफ करणाऱ्या जाणकाराकडं द्या. चांगली असेल तर आधी एकदा पूर्ण फॉरवर्ड आणि पूर्ण रिवाइंड, वर्षानुवर्षं घट्ट बसलेली टेप मोकळी होते. मागची प्लॅस्टिकची छोटी पट्टी, रेकॉर्डिंगची, तोडून टाका म्हणजे चुकून वर काही रेकॉर्ड व्हायचं नाही.

हेड साफ करताना कापसाची काडी वापरू नका, धागे अडकतात. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि शामॉय चामडं, ते हेडवर स्थिर धरायचं आणि हेड ज्यावर बसवलेला असतो तो गोल ड्रम हातानं हळू फिरवायचा, वर-खाली घासायचं नाही. हे जमत नसेल तर मिरजेत अजून एक-दोन जुने टीव्ही-टेप दुरुस्त करणारे मामा आहेत, विचारत गेलं की सापडतात, त्यांच्याकडून करून घ्या.

कॉम्प्युटरला जोडायला यूएसबी कॅप्चर कार्ड, पिवळी-पांढरी-लाल पिन, सॉफ्टवेअर ओबीएस चालतं. सेटिंग पाल, ७२० बाय ५७६, २५ फ्रेम. हे बघितलं नाही आणि एनटीएससीवर, म्हणजे अमेरिकेतल्या पद्धतीवर, राहिलं तर चित्र काळं-पांढरं होतं किंवा लोळत राहतं, आणि लोकांना वाटतं कॅसेटच गेली. १८० मिनिटांची कॅसेट उतरवायला १८० मिनिटंच लागतात, पळवता येत नाही, त्यामुळं रविवार धरून बसा. आणि जाहिराती कापू नका! मी सुरुवातीला कापल्या, आता त्याच हव्या असतात सगळ्यांना.

ठेवायचं कुठं

कॅसेट उभ्या ठेवायच्या, पुस्तकासारख्या, स्पीकरपासून लांब. डिस्क पण उभ्याच. सिलिका जेलच्या पुड्या टाका. डांबरगोळ्या टाकू नका, त्यांच्या वाफेनं काही प्लॅस्टिकची कव्हरं मऊ पडून चिकटतात.

आणि सांगलीकरांनो, तळमजल्यावर नको. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं तेव्हा आमचं घर गावभागात होतं, ट्रंक पलंगाखाली. आम्ही माणसं आणि कागदपत्रं घेऊन बाहेर पडलो, ट्रंक राहिली. पाणी उतरल्यावर उघडली तर १४० च्या आसपास डिस्क चिखलात. आईनं आणि मी घंगाळात स्वच्छ पाणी घेऊन, भांड्याच्या लिक्विडचा एक थेंब टाकून, एकेक डिस्क बोटांच्या पेरांनी धुतली, न घासता, कारण चिखलात वाळू असते आणि ती चरे पाडते. मग दोरीत ओवून सावलीत टांगल्या. सवाशेच्या वर वाचल्या. कव्हरं मात्र एकही वाचलं नाही, सगळ्याचा लगदा. आणि अकरा कॅसेट गेल्या, त्यात बाबांच्या अक्षरातलं लेबल असलेली एक, मोगलीचे चार भाग असलेली. तिची कॉपी मी केलेली नव्हती.

म्हणून आता हार्ड डिस्क दोन, एक माझ्याकडं विश्रामबागेत दुसऱ्या मजल्यावर आणि एक बहिणीकडं पुण्यात, दर दिवाळीला ती येते तेव्हा नवीन भर टाकून परत देतो. कव्हरचे पण फोटो काढून त्याच फोल्डरमध्ये, पुढचं-मागचं दोन्ही. फाईलला नाव देताना कार्टून, भाग, भाषा, कुठून मिळालं आणि कुठल्या वर्षी उतरवलं एवढं लिहायचं. चुलतभावाच्या दोन कॅसेटपैकी एक परवा उतरवून झाली, तिला नाव दिलंय 'डकटेल्स, हिंदी, दूरदर्शन, काकांनी रेकॉर्ड केलेलं, जाहिरातींसकट'. दुसरीवर थोडी बुरशी आहे, ती पिशवीत बंद करून ठेवलीय, पाऊस संपला की मिरजेला घेऊन जाणार आहे.